योजना खाटेला, आजार ओपीडीचा : सोलापुरात दमा, धाप आणि घोरण्याचे उपचार कसे गाठायचे?

मेडिकलवाला

पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. चौक सांगत नाही, इथं ओळखीचे बरेच जण आहेत. दम्यावरच्या मागच्या एका धाग्यात 'प्राणायाम करा, फरक पडेल' एवढाच सल्ला वाचला आणि म्हटलं आता लिहूच.

गल्ल्यावर बसून श्वासाच्या औषधांची विक्री कशी दिसते ते आधी सांगतो. निळा पंप, म्हणजे साल्बुटामॉल, खपतो. सूज उतरवणारा रोजचा पंप चिठ्ठीवर लिहिलेला असतो, पहिल्या महिन्यात नेतात, दुसऱ्या महिन्यात 'तो राहू द्या, निळा तेवढा द्या'. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "त्यानं काय फरक पडत नाही की." लगेच पडत नाहीच. निळा पाच मिनिटांत मोकळं करतो आणि चार-सहा तासांत उतरतो. रोजचा पंप आतली सूज दिवसेंदिवस कमी करतो, त्याचा गुण कळायला आठवडे लागतात. हातावर पोट असलेल्या माणसाला आठवड्यांनी येणारा गुण विकणं कठीण आहे.

तिसरं गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय येतं. "धापंची पांढरी गोळी द्या चार." ती स्टेरॉइड असते. मी देत नाही, दुसरीकडं मिळते. दोन दिवसांत माणूस उड्या मारतो म्हणून तीच आवडते. पुढं साखर, ठिसूळ हाडं, सुजलेला चेहरा.

आता मूळ मुद्दा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंत उपचार होतात. चांगलीच गोष्ट आहे, माझ्या गल्लीतली कितीतरी माणसं तिच्यामुळं वाचली. पण ती भरती झालेल्यांसाठी आहे. धाप लागून आयसीयूत गेलात, व्हेंटिलेटर लागला, तर योजना. जो पंप रोज ओढला असता तर आयसीयूची वेळच आली नसती, तो स्वतःच्या खिशातून. दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार) आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार हे तिन्ही ओपीडीत सांभाळायचे आजार आहेत. यांत खाट लागली म्हणजे आधी कुठंतरी हुकलंय.

आणि ओपीडी असते सकाळी. पॉवरलूमवर मीटरप्रमाणं पैसे, विडीला हजारामागं मजुरी. सकाळ गेली की कमाई गेली.

तर ज्यांनी खरोखर खेटे घातलेत त्यांनी लिहा. फुंकायची टेस्ट कुठं, कशी; झोपेची टेस्ट; सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं. 'आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत' कृपया नको.

रात्रपाळी

वाचतोय. आमच्यात तिघं पंपवाले.

परखड

विडी ओढायची, तंबाखू मळायची, मग धाप लागली की सरकारच्या नावानं ओरडायचं. आधी व्यसन सोडा. निम्मी ओपीडी रिकामी होईल.

फुफ्फुसवाला

@परखड, विडी सोडलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. सीओपीडीची घसरण मंदावणारी सगळ्यात परिणामकारक गोष्ट तीच. पण सोलापुरात तुमचा हिशोब चुकतो. इथं विडी ओढणारे पुरुष आणि विडी वळणाऱ्या बाया ही दोन वेगळी माणसं आहेत. वळणारीनं आयुष्यात एक झुरका घेतलेला नसतो. मांडीवर सूप, सुपात जर्दा, दार-खिडकी वाऱ्यानं तंबाखू उडू नये म्हणून लावलेली, त्याच खोलीत स्वयंपाक आणि झोप. तंबाखूची बारीक धूळ दिवसभर नाकातोंडात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं होतं की सीओपीडीच्या रुग्णांपैकी साधारण २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. चूल, धूळ, कामाची जागा, लहानपणीचे छातीचे आजार, होऊन गेलेला टीबी ही त्यांची कारणं.

ओळख देतो. मी आपल्या वैशंपायन कॉलेजचा विद्यार्थी, छातीचा डॉक्टर, आता गावाबाहेर असतो. इथं कोणाला तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही.

मेडिकलवाल्यांनी फुंकायच्या टेस्टबद्दल विचारलंय. तिचं नाव स्पायरोमेट्री. एक्स-रेवर दमा दिसत नाही आणि सुरुवातीचा सीओपीडीही दिसत नाही. लोक एक्स-रे घेऊन येतात, 'क्लिअर आहे म्हणे', आणि धाप तशीच. फुंकून बाहेर पडणारी हवा मोजल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा भागिले एकूण हवा. पंप दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर नळ्यांचा अडथळा कायमचा, म्हणजे सीओपीडीकडं कल. पंपानंतर बराच सुधारला तर दम्याकडं. म्हणून ती दोनदा करतात : एकदा आधी, मग साल्बुटामॉलचे ४ पफ, १५ मिनिटं थांबून परत. 'दुसऱ्यांदा कशाला, पैसे काढायला का' असं म्हणत मधेच उठून जाऊ नका, अर्धी टेस्ट वाया जाते.

जाताना काय करायचं : निळा पंप त्या सकाळी घेऊ नका (फार धाप असेल तर घ्या आणि तसं सांगा), पोट तट्ट भरून जाऊ नका, घट्ट कपडे नकोत, कवळी व्यवस्थित बसत असेल तर राहू द्या. आणि टीबीची शंका असेल तर आधी थुंकीची तपासणी, मग फुंकणं. थुंकीतून रक्त जात असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर ही टेस्ट पुढं ढकलतात.

टेस्ट बिघडते ती मशीनमुळं कमी, समजावणाऱ्यामुळं जास्त. सहा सेकंद जीव खाऊन फुंकायचं असतं, ते सुद्धा तीन वेळा एकसारखं. रुग्णाला कळलंच नाही तर आकडे काहीही येतात.

आशा_शेळगी

सर, त्याबद्दल मी बोलते. मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या भागात घरी तेलुगू, थोडे कन्नड. टेस्टच्या खोलीत मॅडम मराठीत 'जोरात सोडा, सोडा, सोडा' म्हणतात, मावशी घाबरून श्वास आतच धरतात. मी एकीबरोबर आत गेले आणि 'ऊदु, ऊदु' म्हणून ओरडले, मग फुंकल्या. दोन्ही भाषेत चालतं ते. तेव्हापासनं सांगते, घरचं एक माणूस आत घेऊन जा, दारात नका थांबवू.

दुसरं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा आम्ही सीबॅक फॉर्म भरतो, कुणाला कुठल्या आजाराचा धोका आहे ते विचारायचा. त्यात धाप लागते का, खोकला किती दिवस, घरात चूल का गॅस, कामावर धूर-धूळ असते का, सगळं विचारलेलं आहे. बाया खरं सांगत नाहीत. खोकला म्हटलं की टीबी, टीबी म्हटलं की पोरीचं लग्न अडतं. समोर बसून खोकायलेत आणि म्हणतात 'नाही की, हे आत्ताच ठसका लागला.' मी आता खोकल्यानं सुरुवात करत नाही. विचारते, कन्ना चौकापर्यंत चालत जाता का रिक्षानं? हजार विड्या आधी किती वाजता संपायच्या, आता किती वाजता संपतात? मधे किती वेळा थांबता? मग निघतं बाहेर. तीन-तीन वर्षांची धाप असते.

तिसरं, थुंकीची तपासणी फुकट आहे, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबी ओळखायच्या मशीनवर होते. टीबी निघालाच तर औषधं फुकट आणि निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). बँक पासबुक आधारशी जोडलेलं पाहिजे, त्यात अडकतात. आणि टीबी नाही निघाला तर 'चला, काही नाही' म्हणून घरी बसू नका. मग धाप कशाची ते शोधायचं राहिलंच की.

फुफ्फुसवाला

आशाताई, 'कन्ना चौकापर्यंत चालत की रिक्षानं' हा प्रश्न मी चोरणार आहे. आमची श्वासाची मोजपट्टी नेमकं हेच विचारते, फक्त चढ आणि सपाट रस्ता अशा भाषेत. पूर्व भागात चढ आहेच कुठं.

टीबीबद्दल भर घालतो. टीबी पूर्ण बरा झाला तरी फुफ्फुसावर वण राहतात आणि काहींना त्यानंतर कायमची धाप लागते. असा माणूस खोकला घेऊन गेला की एक्स-रेवरचे जुने डाग बघून परत टीबीची औषधं सुरू होतात, दोन-दोन, तीन-तीन वेळा. जुना एक्स-रे जपून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, गादीखाली नको, वाकतो. जुना-नवा शेजारी धरला की डाग वाढलेत की तेवढेच आहेत ते दिसतं, आणि थुंकीची तपासणी खरं काय ते सांगते.

जुनी_गिरणी

आमचे आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या. त्या काळी खात्यातल्या माणसांना सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, आठवडा सरता सरता हलकं वाटायचं. घरचे म्हणायचे सुट्टीत सुस्ती चढली. आता पॉवरलूमवाल्यांना पण तसंच होतं का, डॉक्टर?

फुफ्फुसवाला

ते कापसाच्या धुळीनं होतं, बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळणं ही त्याची खूण. काही वर्षांनी ते आठवडाभर राहायला लागतं आणि मग सीओपीडीपासून वेगळं ओळखता येत नाही. पिंजण आणि कताईत धूळ सगळ्यात जास्त, विणकामात त्या मानानं कमी. त्यामुळं लूमवरच्या प्रत्येक खोकल्याला बिसिनोसिस म्हणू नये. पण टॉवेलच्या शेडमध्ये पत्र्याखाली उडणारी सुताची धूळ, खिडक्या बंद आणि पाळी संपली की कोरड्या झाडूनं झाडणं, हे श्वासनळ्यांना चिडवायला पुरेसं आहे. डॉक्टरला 'कारखान्यात काम करतो' एवढंच सांगू नका. कोणत्या खात्यात, किती वर्षं, आणि सुट्टीत बरं वाटतं का, हे सांगा. सुट्टीत बरं वाटणं ही आमच्यासाठी मोठी खूण आहे.

कायद्यानं हा व्यवसायजन्य आजार आहे, नुकसानभरपाईच्या यादीत आहे, कळवण्याजोग्या आजारांतही आहे.

रात्रपाळी

कायद्यात असेल सर. आमच्या शेडमध्ये हजेरीपुस्तकच नाही तर नुकसानभरपाई कुणाकडं मागायची? ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, १० कामगार लागतात. मालकाचे चार शेड, चार नावांवर. प्रत्येकात आठ-नऊ जण. काय बे हिशोब.

मालक वाईट नाहीत, अडल्यानडल्याला पैसे देतात. पण कार्ड नाही देत.

नवी_पेठ

सगळ्यांनी इतकं गंभीर लिहिलंय की शेंगाचटणीचा फोटो टाकायचा राहून गेला. टाकत नाही. एक सुचवतो, ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टर बोलतात, फुकट. हजेरी बुडत नाही.

फुफ्फुसवाला

ई-संजीवनी पुढच्या भेटीसाठी ठीक. पंप कसा ओढता ते मात्र समोर बसूनच बघावं लागतं, आणि निम्मा आजार तिथंच असतो.

मेडिकलवाला

खरंय. हे मी रोज बघतो, म्हणून जरा लांबवतो.

कॅप्सूलवालं यंत्र, रोटाहेलर. एक आजी महिनाभर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या. 'कॅप्सूल आहे म्हटल्यावर गिळायचीच ना.' चूक त्यांची नाही. डब्यावर इंग्रजी, देणाऱ्यानं फक्त 'सकाळ-संध्याकाळ एक' सांगितलं. ती गिळली की औषध फुफ्फुसात जातच नाही. यंत्रात घालून फोडायची, आधी श्वास बाहेर सोडायचा (यंत्रात नाही), मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचं. आत खडखड आवाज आला पाहिजे. भुकटी उरली तर परत ओढायचं.

दाबायच्या पंपाचं नेमकं उलट : हळू, खोल. हलवायचा, दाबायचा, सावकाश आत घ्यायचं, दहा आकडे मनात मोजेपर्यंत धरायचं. एका वेळी एकच पफ. दोन्ही यंत्रं एकाच घरात असली की गोंधळ होतो, म्हणून नवरा-बायको दोघांना वेगवेगळं यंत्र लिहिलेलं असेल तर मी डॉक्टरांना फोन करून विचारतो की एकच चालेल का. बऱ्याचदा चालतं.

पंपाबरोबर स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळी, लागते. तिच्याशिवाय बराचसा मारा घशावरच बसतो. लोक ती घेत नाहीत कारण पंपाच्या किमतीवर आणखी पैसे. आणि सगळ्यात शेवटी चूळ. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळण्या करून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि मग 'पंपानं तोंड आलं' म्हणून पंपच बंद.

जनऔषधी केंद्रातही पंप आणि कॅप्सूल येतात, बरेच स्वस्त. सगळ्या केंद्रांत सगळे प्रकार असतीलच असं नाही, आधी फोन करा. आता कोणी म्हणेल, दुकानदार असून दुसऱ्याचं दुकान सांगतो. माझ्याकडून महिनाभराचं घेऊन दोन महिने बंद ठेवण्यापेक्षा तिकडून बारा महिने घेतलेलं बरं.

विडीघरकुल_४

स्पेसर बाटलीचा करता येतो असं ऐकलं. खरं का फेकाफेकी?

फुफ्फुसवाला

खरं आहे. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप घट्ट बसला पाहिजे, बाटलीच्या तोंडाला तोंड लावायचं. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर याचा अभ्यास झाला, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला, सीलबंद बाटलीनं विकतच्या स्पेसरइतकंच काम केलं. बाटली आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन, न पुसता, हवेत वाळवा. पुसली की आत औषध चिकटून बसतं. अगदी लहान मुलाला मास्क लागतो, त्याला हा प्रकार नको.

मेडिकलवाला

डॉक्टर, बाटलीवर माझा आक्षेप आहे. भोक मोठं पडतं, हवा गळते, मग औषधच लागू होत नाही आणि नाव पंपाचं खराब.

फुफ्फुसवाला

स्पेसर परवडत असेल तर स्पेसरच. बाटली ही ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्यासाठी. भोक तुमच्या दुकानात पाडून द्या, गळणार नाही.

चाकावरचं_घर

मी पंपावर नाही, घोरण्यावर लिहिते. धाग्याच्या नावात आहे म्हणून.

आमचे हे ट्रक चालवतात, पुणे-सोलापूर-हैदराबाद. घोरणं असं की शेजारचे भिंत वाजवायचे. आम्ही त्यावर विनोद करायचो. मग माझ्या ध्यानात आलं की घोरता घोरता एकदम शांत होतात, छाती हलते पण आवाज नाही, आणि मग हिसका बसल्यासारखा मोठा श्वास. सकाळी डोकं दुखतंय, तोंड कोरडं, चिडचिड. बीपीच्या तीन गोळ्या तरी बीपी खाली येईना. एकदा टेंभुर्णीच्या अलीकडं चाकावर डोळा लागला, क्लीनरनं स्टिअरिंग ओढलं म्हणून वाचले. तेव्हा बीपीच्या डॉक्टरांनी विचारलं, 'ताई, रात्री घोरतात का?' इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं.

टेस्ट घरीच झाली. छातीला पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला चिमटा, रात्रभर. मी दवाखान्यात झोपायला नको म्हटलं होतं, त्यांनी सांगितलं घरची पण चालते. तासाला चाळीसच्या वर वेळा श्वास अडकतोय असं आलं. टेस्टचे काही हजार गेले. मशीन तीस-चाळीस हजारांपासून पुढं. कुठल्याच कार्डावर बसत नाही, आम्ही विचारून विचारून थकलो. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या माणसानं हसून सांगितलं, 'घोरण्याला कुठं योजना असते का?'

शेवटी आधी महिनाभर भाड्यानं घेतलं, मग दिराकडून उसने आणून विकत. आता मशीन ट्रकमध्ये पण नेतात.

परवान्याची तपासणी करताना डोळे बघतात. झोप कोण बघतं?

फुफ्फुसवाला

ताई, तुम्ही लिहिलंत ते बहुतेक ओपीडीत विचारलंच जात नाही. घोरता घोरता शांत होणं आणि मग हिसका, हे ज्यानं पाहिलं तो साक्षीदार. एका खोलीच्या घरात साक्षीदार भरपूर असतात, दवाखान्यात मात्र माणूस एकटा येतो. म्हणून सांगतो, झोपेच्या तक्रारीसाठी शेजारी झोपणाऱ्याला बरोबर आणा, किंवा मोबाइलवर दोन मिनिटं व्हिडिओ करा.

आम्ही आठ गोष्टी विचारतो : जोरात घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहिला का, बीपी, लठ्ठपणा, पन्नाशीच्या पुढचं वय, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणं. यांतल्या तीन किंवा जास्त असतील तर तपासणी करावी. आपल्याकडं सडपातळ दिसणाऱ्यांनाही हा आजार होतो, जबड्याच्या ठेवणीमुळं. 'मी कुठं जाडा आहे' म्हणून सोडू नका. टेस्टमध्ये तासाला ५ ते १५ वेळा अडकलं तर सौम्य, ३० च्या वर तीव्र. उपचार न झालेल्या चालकाला अपघाताचा धोका साधारण दोन-तीन पट असतो. यजमान मशीन ट्रकमध्ये नेतात हे वाचून फार बरं वाटलं.

आणखी एक प्रश्नावली आहे, एपवर्थ, १९९१ ची, ऑस्ट्रेलियातली. टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर डुलकी लागते का. २४ पैकी १० च्या वर गेलं की जास्त झोपाळूपणा. पण बारा तासांची रात्रपाळी करून आलेल्या लूम कामगाराला विचारलं तर तो प्रत्येक प्रश्नाला होच म्हणेल. त्याला आजार आहे की नुसती झोप कमी, हे त्यातून कळत नाही. अशा माणसाची घरची टेस्ट तो जेव्हा झोपतो तेव्हा, म्हणजे दिवसा, करावी. पट्टे लावताना कामाची वेळ सांगा, नाहीतर रात्रीच लावून देतात आणि माणूस रात्री शेडमध्ये.

रात्रपाळी

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला रात्री लावायला दिलं होतं, मी नको म्हणून परत दिलं.

परखड

तीस हजारांचं मशीन घेण्यापेक्षा वजन उतरवा, दारू सोडा, कुशीवर झोपा. फुकट आहे.

फुफ्फुसवाला

यावेळी बऱ्याच अंशी सहमत. तिन्ही उपयोगी. झोपेच्या गोळ्याही टाळाव्यात, त्यांनी घसा आणखी सैल पडतो. सौम्य आजारात एवढ्यावर भागूही शकतं. चाळीसच्या वर आकडा असलेल्या ट्रकचालकाला मात्र 'वजन उतरेपर्यंत थांबा' म्हणता येत नाही, तो आज रात्री गाडी काढणार आहे.

तुलनेसाठी सांगतो : केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला त्यांच्या सीजीएचएस आरोग्य योजनेतून सीपॅपचे पैसे परत मिळतात. म्हणजे घोरण्याला योजना असते. काउंटरवरच्या त्या माणसाला सांगा.

जुळे_सोलापूर

मशीन तीन वर्षं वापरतोय, गावाच्या हिशोबानं चार गोष्टी. उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा मास्कखाली घाम येऊन गळती होते. झोपायच्या आधी तोंड धुवा, तेल-क्रीम लावू नका, कूलरचा झोत थेट तोंडावर नको. गच्चीवर झोपणाऱ्यांनी वायरची सोय आधी बघावी. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर ठेवणारा मशीनचा पाण्याचा डबा) आपलं बोअरचं पाणी अजिबात नाही, महिन्यात पांढरा थर. डिस्टिल्ड वॉटर घ्या, नाहीतर उकळून गार केलेलं, रोज बदलून. धूळ इतकी की मागची जाळी कंपनी सांगते त्याच्या निम्म्या दिवसांत काळी होते. लाइट गेली की मशीन बंद पडतं, माणूस उठतो, मास्क काढून झोपतो, सकाळी बायको ओरडते.

जुनं मशीन घेणार असाल तर किती तास चाललंय ते मेनूमध्ये बघा आणि मास्क-नळी नवीच घ्या. दाब डॉक्टरकडून आपल्या रिपोर्टप्रमाणं लावून घ्या. मेलेल्या काकांचं मशीन त्यांच्याच दाबावर वापरणारा एक जण मला भेटलाय.

चाकावरचं_घर

मास्क आठवडाभर फेकून देत होते. मी म्हटलं आधी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसा, झोपू नका. मग सवय झाली.

आशा_शेळगी

पोरं पण घोरतात सर आमच्याकडं. तोंड उघडं टाकून झोपतात, शाळेत डुलक्या.

फुफ्फुसवाला

मुलांचं बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठींचं असतं. कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवा. शाळेत तपासणीला येणाऱ्या बालस्वास्थ्यच्या पथकाला सांगितलंत तर ते पाठवू शकतात. अशा मुलाला 'मठ्ठ' म्हणण्याआधी रात्री एकदा बघा.

मेडिकलवाला

संध्याकाळच्या ओपीडीचं कोणी काही लिहिलं नाही. 'आपला दवाखाना' मुळात काम सुटल्यावर जाता यावं म्हणूनच काढला ना? तिथं एक साधा पीक-फ्लो मीटर ठेवा. काही शे रुपयांची नळी, फुंकली की काटा सरकतो. पेशंटचा स्वतःचा चांगला आकडा माहीत असला की ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० ला सावध, ५० च्या खाली धावत जा. मोठी फुंकायची टेस्ट एकदा सिव्हिलला किंवा कुठं होईल तिथं करून आणा, पण दर महिन्याला पंप बघणं आणि आकडा बघणं गल्लीत, संध्याकाळी झालं पाहिजे. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आता सीओपीडी आणि दमा आहेत. पंपाची औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. कागदावर सगळं जमलंय. बीपी-शुगरच्या गोळ्या वॉर्डात मिळतात तसा पंप का मिळत नाही, हे नगरसेवकाला विचारायचा प्रश्न आहे.

परखड

नगरसेवक! 😄

आशा_शेळगी

विचारलं होतं. मागणीच नाही म्हणाले. बरोबर आहे, बाया खोकला लपवतात, मागणी कुठनं येणार. म्हणून मी आता फॉर्ममध्ये 'हो' लिहून घेते, कितीही वेळ लागू दे.

विडीघरकुल_४

डॉक्टर साहेब, आईचं विचारायचं होतं. विडी वळते, तीस वर्षं झाली. धाप आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले. फुंकायची टेस्ट केली तर डोळ्याला काही होईल का?

फुफ्फुसवाला

जोरात फुंकताना डोळ्यावर ताण येतो, म्हणून डोळ्याच्या ऑपरेशननंतर किमान एक आठवडा थांबतात. तुमचे दोन झालेत, तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना विचारून मगच जा. आईंचं वय काय?

विडीघरकुल_४

अठ्ठेचाळीस.

फुफ्फुसवाला

मोतीबिंदूला लवकर आहे. धापेसाठी काही घेतात का? वर मेडिकलवाल्यांनी लिहिलीय तसली पांढरी गोळी?

विडीघरकुल_४

हो. लई वर्षं झाली. रोज एक, धाप जास्त असली की दोन. हा धागा वाचून कालपासनं बंद केलीय.

फुफ्फुसवाला

बंद करू नका! वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइडची गोळी एकदम थांबवली तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवू शकत नाही. चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली, जिवावर बेतू शकतं. आजची गोळी आत्ता द्या आणि उद्या सकाळी छातीच्या ओपीडीत न्या. तिथं 'इतकी वर्षं ही गोळी रोज घेतेय' हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. साखर तपासतील, पंप सुरू करतील आणि गोळी हळूहळू उतरवतील. मधल्या काळात चक्कर किंवा उलटी झाली तर ओपीडीची वाट बघू नका, थेट अपघात विभागात. गोळीचं नाव काय?

विडीघरकुल_४

नाव नाही साहेब. पुडीत बांधून देतात.

मेडिकलवाला

पुडी घेऊन जा बरोबर. गोळ्या संपल्या असतील तर रिकामा कागद पण न्या, कधी कधी शिक्का असतो. आणि आईला कन्नड-तेलुगू जवळची असेल तर तुम्ही आत जा, बाहेर थांबू नका.

विडीघरकुल_४

गोळी दिली आत्ता. उद्या नेतो.